काना, मात्रा आणि ज्वारीचे पान

मराठीच्या मास्तराने दिवाळी अंकात वनस्पतींच्या प्रथिनांवर लिहायला बसावे, हे पाहून काही वाचक चकलीचा तुकडा हातात तसाच धरून कपाळाला आठ्या घालतील. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. कॉलेजात असताना रसायनशास्त्राशी माझा संबंध होता तो जिन्यात भेटल्यावर नमस्कार करण्यापुरता. पण गेल्या तीन वर्षांत माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीने मला या विषयाच्या दारापर्यंत ओढत नेले, आणि आत डोकावून पाहतो तो काय, हे तर आमचेच घर! अक्षरे आमची, शब्द आमचे, भाषांतर आमचे, आणि मुद्रितशोधनसुद्धा आमचेच.

ही भाची पीएच. डी. करते आहे. विषय ज्वारीच्या पानातील प्रथिने. तिला मी पहिल्यांदा विचारले, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" तेव्हा ती इंग्रजीत एक लांबलचक नाव सांगून मोकळी झाली : पोस्ट-ट्रान्सलेशनल मॉडिफिकेशन. मी मनातल्या मनात शब्दाची फोड केली आणि म्हटले, "भाषांतर झाल्यानंतरची दुरुस्ती?" ती हसली. म्हणाली, "मामा, इतकं सोपं करून आमच्या सरांनीसुद्धा कधी सांगितलं नाही." आता अशी शाबासकी मिळाल्यावर कोणता मामा स्वस्थ बसेल?

पेशीच्या कारभारात 'भाषांतर' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. शास्त्रज्ञांनीच तो ठेवलेला आहे. प्रत्येक पेशीत एक मूळ पोथी असते. ती चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असते. या पोथीतील एकेक ओवी म्हणजे एकेक जनुक. पण पेशीतील कामे पोथी करीत नाही. ती करतात प्रथिने, आणि प्रथिनांची वर्णमाला २० अक्षरांची. ही अक्षरे म्हणजे ॲमिनो आम्ले. तेव्हा चार अक्षरी मजकुराचे वीस अक्षरी मजकुरात रूपांतर करावे लागते. ते झाले भाषांतर. माळेतल्या मण्यांप्रमाणे अक्षरे एकापुढे एक ओवली गेली, माळ वळून-मुडपून तिला आकार आला, की प्रथिन तयार.

पुष्कळ वर्षे लोकांची समजूत अशी होती की पोथी वाचता आली म्हणजे सगळे समजले. २००० साली अरॅबिडॉप्सिस नावाच्या एका क्षुल्लक तणाची संपूर्ण पोथी प्रथमच वाचून झाली. हे तण मोहरीच्या कुळातले, वीतभर उंचीचे. खायच्या उपयोगाचे नाही की पूजेच्या. मात्र सहाएक आठवड्यांत ते बी पासून बी पर्यंत पोहोचते, म्हणून जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचे लाडके. त्याच्या पोथीत प्रथिनांचे शब्द भरले सुमारे २७,०००. माझ्या टेबलावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असतो. त्याच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ६०,००० च्या आसपास शब्द आहेत. म्हणजे मोल्सवर्थच्या निम्म्याहूनही कमी शब्दांत हे तण उगवते, फुलते, थंडी सोसते, किडीशी झगडते आणि मरते. एवढ्याशा शब्दसंग्रहात हा संसार भागतो कसा?

भागतो तो काना-मात्रांवर. 'चिता' हा शब्द घ्या. त्यावर एक टिंब द्या, 'चिंता' झाली. कोशात नवी भर घालावी लागली नाही, नवा शब्द जुळवावा लागला नाही. छापून तयार असलेल्या शब्दावर कोणी शाईचा ठिपका ठेवला, आणि अर्थ कुठल्या कुठे गेला. पेशी नेमके हेच करते. प्रथिन तयार झाल्यावर त्याच्या एखाद्या अक्षरावर ती लहानसा रासायनिक गट चिकटवते. कधी फॉस्फेटचा, कधी मिथिलचा, कधी ॲसिटिलचा; कधी साखरेची फांदीच्या फांदी, तर कधी यूबिक्विटिन नावाचे ७६ अक्षरांचे दुसरे एक चिमुकले प्रथिन. असे शेकडो प्रकार आहेत. त्यांची यादी देऊन दिवाळीत कोणाला छळण्याची माझी इच्छा नाही. आपण फॉस्फेटच्या टिंबापुरते बोलू, कारण सर्वांत चपळ तेच. ते देणारी प्रथिने वेगळी, त्यांना म्हणतात कायनेज. ते पुसणारी वेगळी, त्यांना म्हणतात फॉस्फेटेज. टिंब दिले की प्रथिन जागे होते, पुसले की झोपते. काही ठिकाणी याच्या उलट. ही युक्ती प्रथम सापडली ती १९५०-६० च्या दशकात सिॲटलला, सशाच्या स्नायूंतील एका प्रथिनावर काम करताना. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स हे ते दोघे गृहस्थ. त्यांना नोबेल पारितोषिक मिळायला १९९२ साल उजाडले.

आता एक नवलाची गोष्ट. माणसाच्या पोथीत टिंब देणारी प्रथिने पाचशेच्या थोडी वर. त्या वीतभर तणात हजाराहून अधिक! मला हे ऐकून पहिल्यांदा मनुष्यजातीचा थोडा अपमान झाल्यासारखे वाटले. मग विचार केला, की आपल्याला ऊन लागले तर आपण सावलीत जातो, तहान लागली तर माठाकडे जातो, आणि पाहुणे नकोसे झाले तर 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणतो. झाडाला यातले काहीच करता येत नाही. ज्या जागी बी पडले त्या जागीच जन्म काढायचा. तेव्हा जे काही बदलायचे ते आतल्या आत. मग टिंबे देणारे हात दुप्पट लागले तर नवल ते काय?

तहानेचेच उदाहरण घेऊ, कारण आमच्या भाचीचा सगळा जीव त्यात गुंतलेला आहे. पानाच्या कातडीवर बारीक छिद्रे असतात; त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. मुळांनी शोषलेल्या पाण्याच्या १०० भागांपैकी ९५ हून अधिक भाग या छिद्रांतून वाफ होऊन उडून जातो. प्रत्येक छिद्राला दोन रक्षक पेशी, दाराच्या दोन फळ्यांसारख्या. त्या पाण्याने टरारून फुगल्या की दार उघडते, सैल पडल्या की मिटते. जमिनीतील ओल कमी झाली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे एक द्रव्य वाढते. १९६० नंतरच्या पाच-सहा वर्षांत ते हाती लागले होते. पण हे द्रव्य दारापर्यंत निरोप पोहोचवते कसे, हे कळायला पुढची चाळीसहून अधिक वर्षे गेली.

त्यातला एक दुवा सापडला तो मोठ्या गमतीने. २००२ साली फ्रान्समधील संशोधकांनी या तणाची हजारो रोपे कोरड्या हवेत, कमी पाण्यावर ठेवली आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिली. बहुतेक रोपांनी दारे मिटून घेतली होती, म्हणून ती तापलेली दिसली. काही मात्र आपल्या घरच्या मातीच्या माठासारखी गार! माठ गार का राहतो हे कोणाही गृहिणीला ठाऊक आहे : पाणी पाझरून उडत राहते म्हणून. म्हणजे या रोपांची दारे तहानेतही उघडीच राहत होती. अशा एका रोपात टिंब देणारे एक विशिष्ट प्रथिन बिघडलेले निघाले. त्याचे नाव पडले ओएसटी-१, म्हणजे उघडी रंध्रे, क्रमांक एक. शास्त्रज्ञ नावे ठेवण्यात आपल्या आत्याबाईंइतके हौशी नसतात.

पुढची साखळी २००९ च्या सुमारास जुळली. एरवी, पाणी भरपूर असताना, फॉस्फेटेज जातीचे एक प्रथिन ओएसटी-१ वरचे टिंब सतत पुसत बसलेले असते. वर्गात मुले काही लिहायच्या आत फळा पुसणारा एखादा खोडकर असतो ना, तसे. तहान लागली की ॲब्सिसिक आम्ल येते, आपल्या ग्राहक-प्रथिनाच्या मुठीत बसते, आणि ती मूठ त्या पुसणाऱ्याचा हात धरून ठेवते. हे ग्राहक त्याच साली कॅलिफोर्नियात आणि म्यूनिकमध्ये दोन निराळ्या प्रयोगशाळांना स्वतंत्रपणे सापडले. पुसणारा अडकला, की ओएसटी-१ वरचे टिंब टिकते. मग ते जागे होऊन रक्षक पेशीच्या आवरणातल्या एका नळीवर टिंब देते. ही नळीही एक प्रथिनच, साडेपाचशेहून थोड्या अधिक अक्षरांचे. टिंब पडते ते त्यातल्या १२० व्या अक्षरावर. नळी उघडते, पेशीतले क्षार बाहेर पडतात, क्षारांमागून पाणी निघते, फळ्या सैल पडतात आणि दार मिटते. हे सगळे काही मिनिटांत. पोथीतले एक अक्षर बदललेले नाही. बदलली ती फक्त टिंबे.

हे झाले एक दार. पानात असे किती निरोप चालू असतील? ते एकेक करून शोधायचे म्हटले तर पिढ्या जातील. म्हणून गेल्या पंचवीसेक वर्षांत नवी रीत आली, पानातील यच्चयावत प्रथिने एका दमात तपासायची. या शास्त्राचे नाव प्रोटिओमिक्स. त्याचे हत्यार आहे तराजू.

चिंता ही चितेपेक्षा जड असते, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. कागदावरही ती एका टिंबाने जड असणारच. इतका नाजूक काटा मिळाला, तर शब्द न वाचताही, नुसत्या वजनावरून, टिंब आहे की नाही हे सांगता येईल. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र असाच काटा. हायड्रोजनच्या एका अणूचे वजन साधारण एक धरले, तर फॉस्फेटच्या टिंबाने प्रथिनात ७९.९६६ ची भर पडते. ॲसिटिल गटाची भर ४२.०११, आणि तीन मिथिल गट एकत्र बसले तर ४२.०४७. दोन्ही बेचाळीसच की! पण अर्थ निराळे. फरक दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात. आजची यंत्रे तो फरक धरतात. हे ऐकल्यावर मला आमच्या पेठेतल्या सोनारकाकांची कीव आली. गुंजेवर त्यांचा केवढा अभिमान!

मात्र या काट्यावर वस्तू ठेवायची म्हणजे ती हवेत तरंगत, विद्युतभारित अवस्थेत हवी. प्रथिने तर तापवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजतात किंवा जळतात. ही अडचण सोडवणाऱ्या दोघांना २००२ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एक जॉन फेन. वयाची साठी उलटल्यानंतर त्यांनी प्रथिनांचे द्रावण जोराच्या विद्युतदाबाखाली अत्तराच्या फवाऱ्यासारखे उडवून दाखवले. दुसरे कोइची तानाका. क्योटोच्या शिमाद्झू कंपनीतले हे साधे इंजिनियर. डॉक्टरेट नाही, प्राध्यापकी नाही. १९८५ साली त्यांनी कोबाल्टच्या बारीक भुकटीत चुकून ग्लिसरीन ओतले. भुकटी महागाची, टाकून देणे जिवावर आले, म्हणून तशीच वापरली, आणि जे वर्षानुवर्षे साधत नव्हते ते साधले. फोडणीत चुकून पडलेल्या जिनसाने आमटी फक्कड व्हावी तसे. काटकसर हाही गुण आहे, आणि तो नोबेलपर्यंत नेऊ शकतो, हे आमच्या घरी मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवले.

भाचीची प्रयोगशाळा मी पाहून आलो आहे. यंत्राची खोली थंडगार, यंत्र कित्येक कोटींचे, आणि त्याचा आवाज जुन्या फ्रीजसारखा. पण खरी मेहनत त्या खोलीच्या बाहेर, आणि ती पाहून मला आमच्या आईच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. पान तोडले की ते तोडल्याचाच निरोप पानभर जातो. टिंबे पुसली जातात, नवी पडतात. म्हणजे चोराला पकडायला गेलो आणि दाराची कडी वाजली, असे होते. म्हणून पान तोडल्या क्षणी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचे. मग ते खलबत्त्यात घालायचे, वरून नायट्रोजन ओतत राहायचे आणि पिठासारखे कुटायचे. होय, खलबत्ताच! कोट्यवधींच्या यंत्राची सुरुवात खलबत्त्याने होते, हे मला फार आवडले. चिरलेले वांगे काळे पडते ना, ती काळी पाडणारी द्रव्येही पानात असतात आणि प्रथिनांना चिकटून घाण करतात. ती धुऊन काढायची. मग ट्रिप्सिन घालायचे. हे पाचकद्रव्य आपल्या पोटातही असते. ते प्रथिनाची माळ वाटेल तिथे तोडत नाही, २० पैकी ठराविक दोन अक्षरांनंतरच तोडते. संधी सोडवावा तसे नेमके. तुकडे ठरलेल्या ठिकाणी पडतात, म्हणून त्यांची वजने पोथीशी ताडून पाहता येतात.

तरी टिंबे हाती लागत नाहीत. कारण पानात रुबिस्को नावाचे एक प्रथिन असते. हवेतला कार्बन धरून ठेवण्याचे काम त्याचे. पुष्कळ पानांत विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत हे एकटेच. पंगतीत एक गलेलठ्ठ पाहुणा चार पाट अडवून बसावा आणि त्याच्यामागची पोरे यजमानाला दिसूच नयेत, तसा हा प्रकार. शिवाय टिंब असलेले तुकडे मुळात थोडे. ते वेचायला टिटॅनियम डायऑक्साइडची भुकटी वापरतात. तीच पांढरी भुकटी आपल्या दिवाणखान्याच्या भिंतींच्या रंगात असते! फॉस्फेट तिला चिकटते, बाकीचे वाहून जाते. मग चिकटलेले सोडवून काट्यावर चढवायचे. टिंब आहे हे कळले तरी ते शेजारशेजारच्या दोन अक्षरांपैकी नेमके कोणावर, हे कळायला त्या तुकड्याचे आणखी तुकडे करून पुन्हा वजन. एका पानामागे भाचीचे आठवडे जातात. एकदा सहा महिन्यांचे नमुने वाया गेले. फ्रीजरची वीज रात्री गेली होती आणि कोणाला कळले नाही. त्या रात्री तिने मला फोन केला, पण बोलली काहीच नाही. मीही बोललो नाही. दोघांनी फोन कानाला धरून ठेवला, एवढेच.

या रीतीने किती टिंबे सापडावीत? २०२० साली म्यूनिकच्या संशोधकांनी त्या तणाचे मूळ, देठ, फूल, बी असे ३० भाग तपासून मोठी सूची प्रसिद्ध केली. १८,००० हून अधिक प्रथिने आणि फॉस्फेटच्या ४३,००० जागा! यांपैकी बहुसंख्य टिंबांचा अर्थ अजून कोणाला लागलेला नाही. एखाद्या बखरीतले सगळे अनुस्वार मोजून झाले आहेत, पण वाक्ये लागायची आहेत, अशी अवस्था. अर्थ लावायचा तो तुलनेने. २०१३ साली जपानमध्ये आणि अमेरिकेत दोन गटांनी असे केले : एकीकडे साधी रोपे, दुसरीकडे ओएसटी-१ आणि त्याची दोन भावंडे काढून टाकलेली रोपे. दोघांनाही ॲब्सिसिक आम्ल दिले, आणि पहिल्यांत पडली पण दुसऱ्यांत पडली नाहीत अशी टिंबे वेचली. त्या तीन भावंडांच्या हाताखाली कोण कोण येते, याचा पत्ता तेव्हा लागू लागला. अशा तिन्ही भावंडांविनाच्या रोपाचे हाल काय सांगावेत? दमट हवेत ठेवले तरच ते जगते, आणि त्याच्या शेंगेतले बी शेंगेतच उगवू लागते. काढणीला आलेल्या मुगावर पाऊस पडला म्हणजे शेंगांना कोंब फुटतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

इथे आमच्या दाजींना बोलावले पाहिजे. दाजी म्हणजे भाचीचे वडील. मंगळवेढ्याच्या बाजूला त्यांची काळी जमीन आहे, आणि रब्बीची मालदांडी ज्वारी ते करतात. ही ज्वारी पावसावर नव्हे, पावसाने जमिनीत ठेवून दिलेल्या ओलीवर येते. पेरणीनंतर आभाळाकडून फारशी अपेक्षा नसतेच. आहे त्या ओलीवर कणसापर्यंत पोहोचायचे. २०१५ सालच्या दुष्काळात ओल नव्हती. त्या वर्षी भाची सोलापूरला कॉलेजात होती, आणि तिच्या वसतिगृहाचे पैसे दाजींनी बैलजोडी विकून भरले. तेव्हा त्यांनी मला गेल्या दिवाळीत ओसरीवर बसून जो प्रश्न विचारला, तो विचारण्याचा त्यांच्याइतका हक्क दुसऱ्या कोणाला असेल असे वाटत नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "ती टिंबं कळली. पण माझ्या ज्वारीला त्याचं काय? पाणी तर वरूनच यायचं."

मी त्यांना गव्हाची गोष्ट सांगितली. १९६६ साली आपल्या देशाने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. बुटका गहू, खत दिले तरी लोळत नाही, कणीस भरते. तो बुटका का राहतो, हे तेव्हा आणणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. १९९९ साली इंग्लंडमध्ये उलगडा झाला. झाडाची वाढ रोखून धरणारे डेला नावाचे एक प्रथिन असते. एरवी वाढीचे द्रव्य आले की त्या डेलाला यूबिक्विटिनची चिठ्ठी चिकटते आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते. यूबिक्विटिनच्या या कामगिरीवर २००४ साली नोबेल मिळाले. बुटक्या गव्हात डेलाचा एक तुकडाच गळालेला असतो. वाढीच्या द्रव्याला तो ओळखता येत नाही, चिठ्ठी चिकटत नाही, डेला ठाण मांडून बसते आणि ताट बुटके राहते. म्हणजे आपण पोळ्या आधी खाल्ल्या आणि व्याकरण तेहतीस वर्षांनी लिहिले गेले. भाषेतही हेच घडते. आधी लोक बोलतात, मग आम्ही मास्तर नियम सांगतो. व्याकरण शिकून कोणी कवी झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. भाचीला हे माझे मत मुळीच पटत नाही. तिचे म्हणणे, आजवर व्याकरण मागून आले म्हणून पुढेही मागूनच येईल असे नाही. ॲब्सिसिक आम्लाची मूठ कशी वळते हे कळल्यावर तिच्यात बसणारी, फवारता येण्याजोगी नवी द्रव्ये २०१३ आणि २०१९ साली बनवली गेली आहेत. ती फवारली की झाड दार लवकर मिटते.

दाजींनी लगेच अडवले. "दार मिटलं की पाणी वाचलं. मग नुकसान कुठं?"

"त्याच दारानं कार्बन आत येतो, बाबा," भाची म्हणाली. "दार मिटलं की चूलही विझते. दाणा भरत नाही."

दाजी थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमचंच. खर्च थांबवला की घर वाचतं, पण पोरीची शाळा बुडती." अडकित्ता खाली ठेवून ते भाचीकडे वळले. "मग दार कधी लावायचं आणि कधी किलकिलं ठेवायचं, हे माझ्या ज्वारीला कळतं का नाही, ते बघ तू."

हाच तिच्या प्रबंधाचा विषय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

जानेवारीत ती नमुने घ्यायला वडिलांच्याच रानात गेली. सुट्टी होती म्हणून मीही बरोबर होतो. जीपमधून नायट्रोजनचे ॲल्युमिनियमचे भांडे उतरवले, तसे दाजी हसायला लागले. "अगं, हे तर गुरांच्या दवाखान्यातलं!" खरेच होते, गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या डॉक्टर याच भांड्यात ठेवतात. भर दुपारची वेळ साधायची होती, कारण पान तेव्हा सर्वांत तहानलेले. ताटांची पाने कडेने वळून सुरळी होऊ लागली होती. भाचीने बांधापासून मोजून दहा-दहा ताटांच्या जागा ठरवल्या, खुणेला रंगीत फिती बांधल्या आणि चिमटा हातात घेतला.

"तिथली घेऊ नको," दाजी म्हणाले. "त्या कोपऱ्यात हातभर खाली मुरूम लागतो. तिथलं ताट बाकीच्यांच्या आधी दोन तास मान टाकतं. आणि ओढ्याकडच्या चार ओळी सोड. त्यांना खालून ओल येती, त्या कधी तहानेल्याच नसतात."

भाचीने फिती सोडल्या. वही काढली, रानाचा चौकोन आखला आणि म्हणाली, "बाबा, सगळं सांगा. कुठं काय आहे ते पावलं मोजून सांगा." दाजींनी टोपी सारखी केली आणि पूर्वेच्या बांधापासून सुरुवात केली. मी भांड्याच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिलो. झाकण उघडे राहिले तर नायट्रोजन उडून जातो, असे मला बजावण्यात आले होते.